पाणी उलटं विहिरीत जातंय का? फडक्यानं लावलेला शोध

तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत विहीर आणि बोअर, दोन्हींचं पाणी एकाच लाइनीतून टाकीत पडतं. बोअरची मोटार चालू असूनही टाकी भरेना. लिकेज कुठं दिसत नव्हतं, म्हणून संशय विहिरीच्या लाइनीवर. तिच्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) आहे, पण त्यावरचा बाण बघून काय उपयोग? पाणी कुठं जायला पाहिजे तेवढंच तो सांगतो.

त्या लाइनीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा तुकडा आहे. सकाळी ऊन यायच्या आधी, बोअरची मोटार चालू ठेवून, उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं चिमट्यानं त्यावर टाकलं आणि दोन्हीकडं चार बोटं सोडून हात लावला. पाणी थांबलेलं असेल तर दोन्ही बाजू सारख्याच तापतात. हळू वाहत असेल तर ऊब प्रवाहाबरोबर सरकते. विहिरीकडची बाजू कोमट झाली, दुसरी गारच. (पीव्हीसीवर हे नीट कळत नाही, आणि पाणी जोरात असेल तर ऊब लागायच्या आत वाहून जाते.)

मोटार बंद करून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खोलला. झडपेखाली काडी अडकलेली, रबर एका कडेनं दबलेलं. रबर बदललं, बाण टाकीकडं ठेवून बसवला. मोटार चालू करून पुन्हा फडकं टाकलं, तर दोन्हीकडं सारखीच ऊब.