मधल्या फळीतील खेळाडूची कारकीर्द कशी टिपावी

इंदूरच्या रामबागेतील एखाद्या मराठी मंडळाच्या हस्तलिखितासाठी इंग्लंडचा फुटबॉलपटू फ्रँक लॅम्पार्ड याच्यावर टिपण लिहायचे असेल, तर आरंभ गोलांच्या आकड्याने करू नये. आधी क्लबांचा क्रम मांडावा. वेस्ट हॅम, तेथे असतानाच काही काळ स्वान्सी, २००१ ते २०१४ चेल्सी, मग मँचेस्टर सिटी आणि न्यूयॉर्क. चेल्सीसाठीचे २११ गोल सर्व स्पर्धांमधले आहेत, तर प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेतले १७७ गोल तीन क्लबांचे मिळून आहेत. हे आकडे एकाच रकान्यात घातले की हिशेब बिघडतोच. इंग्लंडचे १०६ सामने वेगळे ठेवावेत.

आकड्यांत न मावणाऱ्या प्रसंगाला मात्र सढळ जागा द्यावी. २७ जून २०१० रोजी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे जर्मनीविरुद्ध त्याने मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून गोलरेषेच्या चांगलाच आत पडला, तरी पंचांनी गोल दिला नाही. इंग्लंड ४-१ असे हरले. पण २०१४ च्या विश्वचषकात चेंडू रेषेपार गेला की नाही हे पंचांना कळवणारे गोलरेषा तंत्रज्ञान आले, त्यामागे या चुकीचा मोठा वाटा होता. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हे धावबादाच्या वेळच्या तिसऱ्या पंचाच्या उदाहरणाने चटकन उमगते.

शेवटी, मधल्या फळीतून इतके गोल कसे झाले, हे लिहावे : बचावपटूंचे लक्ष आघाडीवीरांकडे असताना तो मागून उशिरा धावत गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात शिरत असे.