गोव्यातल्या पूर्वजांचा माग कसा काढावा

महालयाच्या दिवशी भटजी नावे विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा इथवर आपण न अडखळता सांगतो. पणजोबांचे वडील कोण, असे कोणी विचारले की घरातली सगळी माणसे एकमेकांकडे बघू लागतात. आमच्या घरात असेच झाले आणि त्या वर्षी मी शोधाला लागलो. खापरपणजोबांचे नाव हाती यायला बराच काळ गेला, कारण सुरुवातच चुकली होती. मी आडनावाच्या मागे धावत होतो. गोव्यात आधी गाव शोधायचे आणि गाव शोधण्यासाठी देव शोधायचा, हे फार उशिरा कळले.

पहिले काम घरातले. चवथीला मूळघरी सगळे जमतात, तेव्हा वही घेऊन बसा. आजी, आत्या, आतेआजी यांना वंशावळ विचारू नका, लग्ने विचारा. कोण कुठल्या गावात दिली, कोणाची सोयरीक कुठून आली, साथीत कोण गेले, घराची वाटणी कधी झाली. बायकांच्या आठवणीत गावे पक्की असतात. महालयाची जुनी यादी, जन्मपत्रिका, देवळाच्या पावत्या, ट्रंकेतले पोर्तुगीज शिक्क्याचे कागद, सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. वाचता आले नाही म्हणून एकही कागद बाजूला टाकू नका. घरातल्या बायकांची दोन्ही नावे लिहून घ्या, माहेरचे आणि सासरचे. लग्नात नाव बदलायची रीत असल्यामुळे एकच बाई दोन कागदांत दोन नावांनी भेटते आणि आपण तिला दोन माणसे समजतो.

आता देव. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टीतली देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी मूर्ती खाडीपलीकडे पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर नेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला, रायची कामाक्षी शिरोड्याला. ही नवी ठिकाणे सगळी फोंडा तालुक्यातली. म्हणून तुमचे कुलदैवत आज फोंड्यात असले तरी घराण्याचे मूळ गाव साष्टीत असू शकते. आडनावही हेच सांगते. वेर्ण्यात राहणाऱ्याला कोणी वेर्णेकर म्हणत नाही, गाव सोडल्यावरच ते नाव चिकटते.

देवस्थानाच्या कचेरीत महाजनांची, म्हणजे देवस्थानात वंशपरंपरेने हक्क असलेल्या घराण्यांची, नोंदवही असते. 1886 च्या माझानीच्या (महाजनांच्या संस्थेच्या) कायद्याने देवस्थानांचा कारभार लेखी नियमांत आला आणि महाजन कोण याची सूची ठेवणे आले. आपले घराणे महाजनांपैकी असेल तर अध्यक्षांना किंवा चिटणिसांना भेटा आणि जुनी सूची बघू द्या अशी रीतसर अर्जाने विनंती करा. उत्सवाच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा कोणालाच सवड नसते.

पुढचा टप्पा जन्मनोंदीचा, आणि मला विचाराल तर सगळ्यात फळ देणारा. पोर्तुगालात 1910 मध्ये प्रजासत्ताक आले आणि त्यानंतर गोव्यात सर्व धर्मीयांसाठी नागरी नोंदणी रुजली. नोंदी तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे मिळतात, जुने खंड पणजीच्या पुराभिलेख खात्यात. अर्जात नाव, बापाचे नाव, गाव आणि अंदाजे वर्ष द्या. वर्ष नक्की नसेल तर पाच वर्षे मागे आणि पाच वर्षे पुढे शोधा अशी विनंती करा. छोटा दाखला घेऊ नका, 'तेओर' मागा, म्हणजे मूळ नोंदीची शब्दशः नक्कल. छोट्या दाखल्यात आईबाप मिळतात. तेओरात आजा-आजी दोन्ही बाजूंचे सापडतात. म्हणजे 1920 च्या सुमाराच्या एका नोंदीतून आपण एका उडीत एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचतो.

पोर्तुगीज येत नाही म्हणून घाबरू नका. नोंदींची भाषा ठरलेली असते, दहा-बारा शब्द ओळखता आले की वाचता येते. नासिमेंतु म्हणजे जन्म, कासामेंतु म्हणजे लग्न, ओबितु म्हणजे मृत्यू, फिल्यु म्हणजे मुलगा, व्हियुव्हा म्हणजे विधवा, नातुराल म्हणजे मूळ अमुक गावचा. जास्त घोळ नावांत होतो. 'श'साठी एक्स हे अक्षर वापरलेले असते, म्हणून शंकर शोधताना एक्सच्या पानावर जावे लागते. शेणवीचे सिनाय होते, प्रभूचे पोरोब, कामतचे कामोतिम. एकाच माणसाचे नाव तीन कागदांत तीन प्रकारे लिहिलेले दिसले तर ते चुकीचे मानू नका. तिन्ही रूपे जशीच्या तशी उतरवून घ्या.

1900 च्या मागे जायचे असेल तर इन्व्हेंटरीकडे, म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या न्यायालयीन यादीकडे वळा. माणूस वारला की त्याच्या मालमत्तेची वारसवार मोजणी न्यायालयात होई आणि वारसांत अल्पवयीन मूल असेल तर ती करावीच लागे. पोर्तुगालचा 1867 चा दिवाणी कायदा गोव्यात 1870 पासून लागू झाला, त्यामुळे त्यानंतरच्या अशा फायली जपलेल्या सापडतात. घरचा कर्ता शपथेवर सांगतो: मयत कधी वारला, बायको कोण, मुले किती, त्यांची वये काय. मुली वारस म्हणून येतात, त्याही नवऱ्याच्या नावागावासकट. आपल्या घरच्या वंशावळींत मुलींची नावे गाळलेली असतात, ती इथे भेटतात. पुढे भांडी, दागिने, माडांची भाटे, शेते, कर्जे यांची यादी. माझ्या खापरपणजीचे नाव मला अशाच यादीत, तिच्या सोन्याच्या पाटल्यांच्या आधीच्या ओळीत मिळाले. त्या पानापुढे मी किती वेळ बसून राहिलो ते सांगता येत नाही.

गावकार, म्हणजे गावच्या मूळ हक्कदारांपैकी, घराणे असेल तर कोमुनिदादीचे, म्हणजे गावकारांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे, दप्तर बघा. वांगडवार (वांगड म्हणजे गावकारांचा कुळगट) गावकारांची आणि जोणाची, म्हणजे गावकाराला मिळणाऱ्या वाट्याची, नोंद तिथे असते, म्हणजे बापाच्या मागे मुलगा कधी नोंदला गेला ते कळते. गावकारीच्या रीतीभातींचा पहिला मोठा दस्तऐवज 1526 चा आहे. फार जुने कागद गोयकानडी (गोव्यातली जुनी लिपी) किंवा मोडी लिपीत मिळतात, त्यांसाठी जाणकार वाचक शोधावा लागतो. काही गावांत एकाच वांगडाची अर्धी घरे ख्रिस्ती झाली. कुंकळ्ळीच्या बारा वांगडांत हे आजही दिसते. ख्रिस्ती शाखेचा माग चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्यांत काढता येतो आणि तिथला भाऊबंद तुमचाही भाऊबंद निघू शकतो. लाजू नका, जाऊन विचारा.

पण ही सगळी दप्तरे जमीन असणाऱ्यांची. कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे), गावडे, कारागीर यांचे पूर्वज त्यांत क्वचित येतात, म्हणून त्यांचा इतिहास नाही असे कोणी सांगितले तर मानू नका. अशा घराण्यांनी 1/14 चा, म्हणजे जमिनीचा, उतारा काढून कुळाच्या रकान्यापासून सुरुवात करावी, मग जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घराची इन्व्हेंटरी पाहावी. तिथे आपल्या माणसांची नावे देण्याघेण्याच्या यादीत येऊ शकतात.

गाव सोडून गेलेल्यांसाठी दोन वाटा. नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आडनाव आणि गाव यांप्रमाणे नावे लिहिलेली असतात. तीर्थयात्रेला गेलेला आपला माणूस तिथे सही करून आलेला असतो. मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या ख्रिस्ती गोंयकारांच्या गावोगावच्या कूडी, म्हणजे एकत्र राहायच्या खोल्या, होत्या, त्यांच्या वह्यांतही सभासदांची नावे आहेत.

शेवटचे काम रोजचे आहे. प्रत्येक नावापुढे ते कुठल्या कागदावरून घेतले, त्याचा खंड आणि पान लिहा. आजीने सांगितलेले वेगळ्या शाईने लिहा. दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर दोन्ही ठेवा, एक खोडू नका. मी एक खोडले होते, आणि पाच महिन्यांनी कळले की खोडलेलेच खरे होते.

आता महालयाच्या यादीत आमची एक ओळ वाढली आहे. पुढच्या भाद्रपदात तिच्या खाली आणखी एक लिहायची म्हणून मी पुन्हा पणजीला जातो आहे, या खेपेला लोटलीच्या दप्तरासाठी.