वाचनालयाच्या भिंतीवर एसएचा उदयास्त: कालपट कसा करावा

नाझी पक्षाची खासगी फौज, म्हणजे श्टुर्मआबटायलुंग ऊर्फ एसए, १९३४ साली सुमारे ४५ लाखांवर गेली. त्याच वर्षी तिच्या नेत्यांना त्यांच्याच पक्षाने गोळ्या घातल्या. हे नुसते भाषणात सांगितले तर कानावरून जाते, पण भिंतीवर मापात काढले की दहावीच्या मुलालाही उभ्या उभ्या कळते. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गावच्या वाचनालयात किंवा हायस्कुलात जमेल असा हा कालपट आहे. तिघेजण असले तर दोन संध्याकाळींचे काम.

आधी मापे. पट १९२० ते १९३८, म्हणजे १९ वर्षांचा. वर्षाला २० सेंटिमीटर धरले की लांबी ३ मीटर ८० होते. दुकानात मिळणारे नेहमीचे चार्ट पेपर आडवे धरून सहा-सहाच्या दोन ओळी जोडाव्यात, एकूण १२. उंची सव्वा मीटरच्या आत राहते आणि कडेला थोडी जागाही उरते.

वर्षांची रेघ पटाच्या तळाशी मारावी. तिच्यावर सदस्यसंख्या उभी मोजायची, १ सेंटिमीटर म्हणजे ५० हजार माणसे. जानेवारी १९३१ मध्ये एसएत सुमारे ७७ हजार होते, म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर. हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला त्या जानेवारी १९३३ ला ४ लाखांच्या थोडे वर, म्हणजे ८ सेंटिमीटर. १९३४ च्या मध्याला रेघ थेट ९० सेंटिमीटरवर जाते. ऑक्टोबर १९३५ ला १६ लाख, म्हणजे ३२, आणि १९३८ ला १२ लाख, म्हणजे २४. रेघ लाल लोकरीची करावी, टाचण्यांवरून ओढून घेतली की लांबूनही दिसते. १९३४ चा डोंगर भिंतीत मावत नाही म्हणून कुणी माप बदलू नये, सगळा मुद्दा त्या डोंगरात आहे. मात्र त्या ४५ लाखांत श्टालहेल्म या माजी सैनिकांच्या संघटनेतून आत घेतलेले लोकही आहेत. त्यामुळे शिखराचा भाग तिरप्या रेघांनी भरावा आणि खाली तसे लिहावे.

कार्डे तीन रंगांची. पिवळ्यावर घटना, निळ्यावर सरकारचे निर्णय, पांढऱ्यावर साध्या एसएवाल्याला काय मिळत होते ते. पांढरी कार्डे बहुतेक ठिकाणी राहून जातात आणि मग पट म्हणजे नुसती सनावळी होते. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत नोंदलेले बेकारच ६० लाखांच्या घरात होते. एसएच्या वसतिगृहात बेकार पोराला सूप, झोपायला जागा आणि सोबती मिळत. पहिले तपकिरी शर्ट तर वसाहतीतल्या सैन्यासाठी शिवलेल्या मालातले, पडून राहिलेले. पुढे ड्रेस्डेनच्या एका कारखान्याच्या ‘श्टुर्म’ सिगारेटी एसएवाल्यांनीच ओढाव्यात असा दंडक घातला गेला, कारण विक्रीतला हिस्सा संघटनेला मिळे. पाकिटावर पाकीट फौज पोसली जात होती. हे कार्ड मोठ्या अक्षरात लिहावे.

पिवळ्या-निळ्या कार्डांत एवढी हवीतच: १९२१ ला सभागृहे राखण्यासाठी ‘व्यायाम आणि क्रीडा विभाग’ या नावाने सुरुवात, नोव्हेंबर १९२३ चा फसलेला म्यूनिक उठाव आणि बंदी, जानेवारी १९३१ पासून अर्न्स्ट रोहम प्रमुख, एप्रिल १९३२ ची बंदी, जूनमध्ये पापेन सरकारने ती उठवली, १७ जुलैला हॅम्बुर्गजवळच्या आल्टोना येथे एसएच्या मोर्चावेळच्या चकमकीत १८ ठार. मग २२ फेब्रुवारी १९३३ चे निळे कार्ड. हिटलरचा मंत्री गोअरिंग याने प्रशिया या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्यात एसए, एसएस (हिटलरच्या अंगरक्षकांतून वाढलेले पथक) आणि श्टालहेल्मच्या सुमारे ५० हजार लोकांना साहाय्यक पोलीस केले. काल ज्याला मारले त्याच्याच दारात आज बिल्ला लावून जायची मुभा. या कार्डाला थोडी मोकळी जागा सोडावी.

जानेवारी १९३३ ते ऑगस्ट १९३४ हे २० महिने मुख्य पटात कोंडले जातात. त्यांच्यासाठी खाली वेगळी पट्टी करावी, महिन्याला ६ सेंटिमीटर, एकूण १ मीटर २०. सत्ता मिळाल्यावर फौजेचे रस्त्यावरचे काम संपले होते, पण भरती थांबली नव्हती. व्हर्सायच्या तहाने सैन्य १ लाखावर अडवले होते आणि रोहमला एसएच राष्ट्राची सेना व्हावी असे वाटत होते. सेनापतींना ते खपणारे नव्हते, आणि हिटलरला युद्धासाठी सेनापती हवे होते. मग ३० जून ते २ जुलै १९३४ ची कत्तल. बाड व्हिसे येथून रोहमला उचलले, १ जुलैला श्टाडेलहाइमच्या तुरुंगात मारले. ३ जुलैला सगळे कायदेशीर ठरवणारा कायदा, २० जुलैला एसएस एसएपासून स्वतंत्र, २ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गचे निधन आणि सैन्याची हिटलरच्या नावाने शपथ. ही पाच कार्डे एकमेकांना चिकटूनच लावावीत.

इथेच लोक फसतात. पाहणारे म्हणतात, ‘गुंडगिरी वाढली म्हणून शिक्षा झाली.’ असे वाटू नये म्हणून मृतांत कोण होते ते लिहावे: माजी चॅन्सेलर श्लायशर, पक्षातला जुना प्रतिस्पर्धी ग्रेगोर श्ट्रासर, १९२३ चा उठाव मोडणारा काहर. यातला एकही तेव्हा एसएत नव्हता. दुसरी चूक म्हणजे पट ३० जूनलाच संपवणे. एसए पुढेही होती, वजन गेलेली, आणि ९-१० नोव्हेंबर १९३८ ला ज्यूंची घरे, दुकाने, प्रार्थनास्थळे फोडायला तीच पुढे होती. ते कार्ड २४ सेंटिमीटरच्या रेघेपाशी लावावे. रेघ खाली आली तरी हात चालूच होते, हे तिथे दिसते.

हाकेनक्रॉइझ (नाझींचे स्वस्तिक), झेंडे, गणवेशातले मोठे फोटो लावू नयेत. मुले त्याच्यापुढे सेल्फी काढतात, आणि आपल्याकडे दारावर स्वस्तिक रेखलेले असते, त्यात नको तो गोंधळ होतो. शब्द आणि रेघ पुरेशी आहे.

गोव्यात दोन प्रश्न हमखास येतात, उत्तरे लिहून ठेवावीत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्याकडे असे काही होते का? होते, लेजियांव पोर्तुगेझा, १९३६ ते १९७४. पण ती सरकारच्या मुठीतली होती, सत्ता मिळवायला रस्त्यावर उतरलेली नव्हती. आझाद गोमंतक दल यात बसते का? नाही. १९४७ साली परकी राजवट उलथायला उभी राहिलेली ती सशस्त्र संघटना, कुठल्या पक्षाची फौज नव्हे. तिच्यासाठी वेगळी भिंत हवी.

३० जूनच्या आठवड्यात पट लावायचा म्हणजे ऐन पाऊस. चुन्याच्या भिंतीवर सेलोटेप दोन दिवसांत सुटतो आणि जाताना पापुद्रा घेऊन जातो. दोन खिळ्यांत सुतळी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी पट टांगावा, भिंतीपासून दोन बोटे पुढे, म्हणजे ओल लागत नाही. जेल पेनची अक्षरे दमट हवेत पसरतात, म्हणून मार्कर पाण्याने न फुटणारा घ्यावा. चतुर्थीपूर्वी हॉल रिकामा करावा लागतोच. कार्डे काढताना रंगवार नव्हे, तारीखवार बांधावीत.