ड्रम हलत नाही म्हणून अलाइनमेंट ओके, असं नसतंय

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडं फाउंड्रीत मेंटेनन्सला नवीन लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. सॅंड ड्रायरचा (वाळू सुकवायचा, जरा उताराला बसवलेला फिरता ड्रम) टायर म्हणजे ड्रमभोवतीचं कडं कुठलं, त्याला खालनं पेलणारे दोन सपोर्ट रोलर कुठले हे तुम्हाला माहीत असणार, त्यात जात नाही.

मला लई छळलं ते एकाच गोष्टीनं. ड्रम वर सरकत नाही, खाली सरकत नाही, ड्रमला उताराकडं सरकू न देणारा थ्रस्ट रोलर गार, सगळे म्हणणार झकास चाललंय, आणि सपोर्ट रोलरच्या बेअरिंगला मात्र हात लावू देत नाही. होतं काय, एक रोलर ड्रमला चढाकडं ढकलत असतो आणि त्याच टायरखालचा दुसरा उताराकडं, दोघांची रस्सीखेच आणि ड्रम मधी गप. दोन्ही शाफ्ट वरनं बघितल्यासारखे डोळ्यासमोर आणा. ड्रमच्या अक्षाला अगदी किंचित तिरके असले तर चालतंय, पण दोन्ही एकाच अंगाला तिरके, म्हणजे एकमेकांना समांतर पाहिजेत. व्ही झाला की भांडण लागलंच.

ओळखायचं कसं? जो रोलर ड्रमला वर ढकलतो तो स्वतः खाली रेटला जातो. त्यामुळं ड्रम चालू असताना, गार्डच्या बाहेर राहून, टॉर्च मारून दोन्ही रोलरच्या थ्रस्ट कॉलरची (शाफ्टला पुढंमागं सरकू न देणारी कडी) फट बघा. एकाची फट चढाला आणि दुसऱ्याची उताराला असेल तर समजून जा. प्रत्येक टायरखाली बघायचं हे, एका ठिकाणी बघून सोडायचं नाही.

बेस फ्रेमवरनं दोरी धरून माप घेणारे मिस्त्री भेटतील. बाकी कामात त्यांचा हात देवासारखा चालतो, पण फ्रेम ड्रमला समांतर असेलच असं नाही, तिथं त्यांचं ऐकू नका. आणि टायरवर ग्रीस फासून आवाज बंद करणाऱ्यापासनं तर लांबच राहा, त्यानं ढकलणं तेवढं लपतं, आणि पृष्ठभागावर बारीक भेग असेल तर तेल त्यात दाबलं जाऊन टवके उडतात. कोरडं ग्रॅफाइट लावा.

घाबरू नका, हे जमतंय. रोलरच्या एका टोकाच्या बेअरिंगचा सरकवायचा बोल्ट पाव फेरा आत, दुसऱ्या टोकाचा तेवढाच बाहेर, मग पाना खाली ठेवून चहा मारून या. दोन्ही टोकं आत दाबली तर ड्रम उचलला जातो आणि गर्थ गिअरचा (ड्रमला फिरवणारा, त्याच्याभोवतीचा मोठा गिअर) बॅकलॅश, म्हणजे दातांमधली फट, बिघडतो.

माप घ्यायला ड्रम थांबवला तर नुसतं लॉकआउट (वीज तोडून स्विचला कुलूप लावणं) पुरत नाही, आत एका अंगाला वाळू साचलेली असली की तो आपोआप उलटा फिरतो. आधी रिकामा करा, पाचर मारा, मगच हात घाला.