कक्षा फुगतेय? आधी ऊर्जेचा आलेख काढा

पुण्यात मिनी प्रोजेक्टला संगणकावर फिरणारी सूर्यमाला (सिम्युलेशन) घेतलीत, तर व्हायवात एक्स्टर्नल हमखास विचारेल: कक्षा बंद का होत नाही? उत्तर बहुतेक वेळा ऊर्जेच्या आलेखात सापडतं.

मीटर-सेकंदाच्या भानगडीत पडू नका. अंतर खगोलीय एककात (पृथ्वी ते सूर्य सरासरी अंतर = १), काळ वर्षांत. मग सूर्याचा जीएम (गुरुत्व स्थिरांक × वस्तुमान) ३९.४७८, म्हणजे ४ × पायचा वर्ग. पृथ्वी (१, ०) वर, वेग (०, ६.२८३२), पायरी (प्रत्येक हिशेबात काळ किती पुढे सरकतो ते) ०.००१ वर्ष, म्हणजे साधारण पावणेनऊ तास.

त्वरण = −जीएम × स्थान ÷ अंतराचा घन. इथे घनाऐवजी वर्ग लिहिला गेला तरी पृथ्वी नीट फिरते, कारण तिचं अंतरच १ आहे! म्हणून चाचणी बुधावर घ्या: उपसूर्य (सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूचं) अंतर ०.३०७५, तिथला वेग १२.४४, फेरी ८८ दिवसांची.

साध्या ऑयलर पद्धतीत (जुन्याच वेग-त्वरणाने पूर्ण पायरी पुढे जायचं) दर पायरीला ऊर्जा थोडी वाढतेच. पायरी ०.०१ ठेवली तर वर्षभरात पृथ्वीची कक्षा सुमारे दीडपट होते. त्याऐवजी लीपफ्रॉग पद्धत वापरा, म्हणजे वेग अर्ध्या-अर्ध्या पायरीने बदला:

वेग += त्वरण × पायरी ÷ २
स्थान += वेग × पायरी
त्वरण नव्याने काढा
वेग += त्वरण × पायरी ÷ २

ग्रह अनेक असतील तर आधी सगळ्यांची स्थानं हलवा, मगच त्वरणं काढा. एकाच लूपमध्ये दोन्ही उरकलं की अर्धे ग्रह जुन्या जागी, अर्धे नव्या.

आता दर पायरीला ऊर्जा, म्हणजे वेगाचा वर्ग ÷ २ − जीएम ÷ अंतर, आलेखावर मांडा. पृथ्वीसाठी −१९.७३९ यायला हवं. रेघ सतत चढतेय? पद्धत ऑयलरच राहिली आहे. एकाच पट्ट्यात बारीक लाटा? लीपफ्रॉगचं हे नेहमीचंच, सोडून द्या. दर उपसूर्य बिंदूला उंच टोक? पायरी मोठी आहे. रुंगे-कुट्टा ४ या दुसऱ्या प्रचलित पद्धतीत सुरुवातीला रेघ सपाट वाटते, पण हजारो फेऱ्यांत हळूहळू कलते.

लीपफ्रॉगमध्ये बुधाची लंबवर्तुळाकार कक्षा हळूहळू वळते. हे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे येणारं शतकाला ४३ विकलांचं (विकला = अंशाचा ३६००वा भाग) वळण नव्हे. तुमच्या सूत्रात सापेक्षता आहेच कुठे? पायरी निम्मी करा. वळण एक चतुर्थांशावर आलं, तर दोष पायरीचाच.

ग्रह सरळ सूर्यात कोसळत असेल तर एककं तपासा. नासाच्या होरायझन्स या ग्रहस्थितींच्या ऑनलाइन सेवेतून वेग दिवसाच्या हिशेबात घेतला असेल तर जीएम ०.०००२९५९१ हवा.

सिंहगडावरून गुरू कुठे दिसेल हे काढताना त्याच्या स्थानातून पृथ्वीचं स्थान वजा करा. ही वजाबाकी राहिली तर दिशा ११ अंशांपर्यंत चुकते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी. त्यानंतर पृथ्वीच्या अक्षाचा २३.४ अंशांचा कल आणि पुण्याचे १८.५ अक्षांश हिशेबात घ्या.