चित्रात माहिती लपवा आणि मूळ चित्र जसंच्या तसं परत मिळवा

चित्रात माहिती लपवण्याची सगळ्यांना ठाऊक असलेली पद्धत म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा शेवटचा बिट पुसून तिथे आपला बिट बसवणं. डोळ्याला फरक कळत नाही, पण जुना बिट कायमचा जातो. सहलीच्या फोटोला हे चालून जातं. सीटी स्कॅन किंवा पुरावा म्हणून जपलेला फोटो असेल तर चालत नाही. तिथे माहिती काढून घेतल्यावर मूळ चित्र एकाही पिक्सेलचा फरक न राहता परत हवं. त्यासाठी शिकायला सगळ्यात सोपी पद्धत हिस्टोग्राम, म्हणजे उजळपणाची कोणती किंमत किती पिक्सेलना आहे याचा आलेख, सरकवण्याची. नी, शी, अन्सारी आणि सू यांनी ती २००६ साली मांडली.

आठ बिटांच्या करड्या चित्रात ० ते २५५ यांपैकी प्रत्येक किंमत किती पिक्सेलना आहे ते मोजा. सर्वाधिक पिक्सेल असलेली किंमत हे शिखर, आणि एकही पिक्सेल नसलेली किंमत हा रिकामा कप्पा. रिकामा कप्पा शिखराच्या वर असेल तर दोहोंच्या मधल्या सगळ्या पिक्सेलमध्ये १ मिळवा, म्हणजे शिखराच्या शेजारची जागा मोकळी होते. मग ठरलेल्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे आणि ओळीमागून ओळ, शिखराचे पिक्सेल घ्या. बिट ० असेल तर पिक्सेल तसाच ठेवा, १ असेल तर एकने वाढवा. रिकामा कप्पा शिखराच्या खाली असेल तर हेच उलट, वजाबाकीने.

आठ पिक्सेलवर हाताने करून बघा:

१०१ १०३ १०२ १०२ १०४ १०२ १०५ १०२

शिखर १०२, त्याच्या वरचा पहिला रिकामा कप्पा १०६. १०३ ते १०५ एकने सरकवले:

१०१ १०४ १०२ १०२ १०५ १०२ १०६ १०२

आता १०११ हे चार बिट भरले:

१०१ १०४ १०३ १०२ १०५ १०३ १०६ १०३

काढताना १०२ दिसला की ०, १०३ दिसला की १. वाचून झाल्यावर १०३ चे १०२ करा, १०४ ते १०६ मधून १ वजा करा. पहिली ओळ हुबेहूब परत येते. कुठलाही पिक्सेल एकापेक्षा जास्त हलत नाही, त्यामुळे पीएसएनआर (बदललेलं चित्र मूळ चित्राच्या किती जवळ आहे याचं माप, जास्त तितकं चांगलं) ४८.१३ डेसिबलच्या खाली जात नाही. रिकामे कप्पे अनेक असतील तर शिखराला जवळचा निवडा, म्हणजे कमी पिक्सेल हलतील (वरच्या उदाहरणात तो खरं तर खालचा १०० ठरला असता; वाढवणं दाखवायला १०६ घेतला).

शिखरावर जितके पिक्सेल, तितकेच बिट मावतात, आणि देवनागरी मजकूर जागा भराभर खातो. ‘पुणे’ दिसायला दोन अक्षरं, साठवताना मात्र चार चिन्हं: प, उकार, ण, एकार. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे एकूण ९६ बिट. मजकूर मोठा असेल तर आधी झिप करा, मग एईएस या प्रमाणित पद्धतीने कूटबद्ध करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही. क्रम उलटा केलात तर काही उपयोग नाही. कूटबद्ध मजकूर दाबला जात नाही.

शिखर आणि रिकामा कप्पा कोणते, हे काढणाऱ्याला कळलं पाहिजे. दोन आकडे, ८ अधिक ८ बिट. चित्राचे पहिले १६ पिक्सेल मोजणीतून आणि सरकवण्यातून पूर्ण बाजूला ठेवा, त्यांच्या शेवटच्या बिटांत हे आकडे लिहा, आणि तिथले मूळ १६ बिट संदेशाच्या सुरुवातीला जोडा. त्यानंतर ३२ बिटांत संदेशाची लांबी लिहा. ती विसरलात तर संदेश संपल्यावरही शिखराचे उरलेले पिक्सेल शून्यं म्हणून वाचले जातात आणि शेवटी कचरा येतो.

फोनवरून काढलेल्या फोटोत पुष्कळदा रिकामा कप्पाच नसतो. मग सर्वांत कमी पिक्सेल असलेली किंमत घ्या आणि ते पिक्सेल कुठे होते याची यादी, आधी त्यांची संख्या लिहून, संदेशातच भरा. ५१२ गुणिले ५१२ च्या चित्रात एका जागेला १८ बिट लागतात. असे ४० पिक्सेल म्हणजे ७२० बिट गेले. परत करताना या यादीतले पिक्सेल सोडून बाकीचे मागे सरकवायचे.

प्रत्यक्षात गाडी अडते ती बहुतेक फाइलपाशी. निकाल जेपीजीमध्ये साठवलात तर सगळं वाया, कारण ते कॉम्प्रेशन पिक्सेलच्या किमती बदलतं. पीएनजी वापरा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तरी तेच होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइल जेपीजी असेल तर परत मिळणार ते तिचे उलगडलेले पिक्सेल, ती फाइल नव्हे. पॅलेटवाली पीएनजी टाळा: तिथली संख्या हा रंगाचा क्रमांक असतो, एकने वाढवली की भलताच रंग उमटतो. रंगीत चित्र करडं करू नका, लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाच रंगाची वाहिनी घ्या, निळी बरी. पायथॉनमध्ये नमपाय या गणिती लायब्ररीचा आठ बिटांचा पूर्णांक २५५ नंतर गुपचूप ० वर येतो, म्हणून सोळा बिटांत गणित करा आणि साठवताना परत आठवर आणा.

तपासणीसाठी लपवण्याआधी आणि मूळ चित्र परत मिळवल्यावर एसएचए-२५६ (डेटाचा बोटाच्या ठशासारखा छोटा आकडा) काढा, पण फाइलचा नव्हे, पिक्सेलच्या रांगेचा. पीएनजी पुन्हा साठवली की आतले पिक्सेल तेच असूनही फाइलचे बाइट बदलू शकतात, आणि मग बरोबर चाललेल्या प्रोग्रॅममध्ये माणूस चूक शोधत बसतो.

एक मात्र ओळखून असा: ही पद्धत चोरून निरोप धाडायला कच्ची आहे. कूटबद्ध बिटांत ० आणि १ जवळपास निम्मे निम्मे असतात, त्यामुळे ते भरले की एका उंच शिखराच्या जागी शेजारीशेजारी दोन सारख्या उंचीचे खांब उभे राहतात. हिस्टोग्राम उघडणाऱ्या जाणकाराला ते लगेच दिसतात.