परदेशी विमानप्रवासात टॅबलेट नेताना

टॅबलेट आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावेत. पॉवर बँक चेक-इन सामानात टाकण्यास मनाई आहे, कारण लिथियम बॅटरीने पेट घेतल्यास केबिनमध्ये ती लगेच लक्षात येते, तळाच्या सामानकक्षात मात्र तिच्यापर्यंत पोहोचताच येत नाही. पॉवर बँकेच्या क्षमतेची सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची आहे; वॅट-तास म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप. पॉवर बँकेवर केवळ मिलीअँपिअर-तास छापलेले असतील, तर त्या आकड्याला बॅटरीच्या ३.७ व्होल्टने गुणून १००० ने भागावे. २०,००० ची पॉवर बँक अशा रीतीने ७४ वॅट-तासांची ठरते. छपाई पुसट झालेली पॉवर बँक घरीच ठेवलेली बरी. तपासणीच्या वेळी टॅबलेट बहुधा ट्रेमध्ये वेगळा काढावा लागतो, म्हणून तो कपड्यांखाली न दडपता सर्वांत वर ठेवावा आणि निघण्यापूर्वी पूर्ण चार्ज करावा, कारण काही विमानतळांवर तो सुरू करून दाखवण्यास सांगतात.